मुलं कॉम्प्युटर शिकायला परदेशी निघाली : आईनं सही करण्याआधी

पूर्वी आपल्याकडे मूल ‘बाहेरगावी शिकायला’ गेलं म्हटलं, की पुणं नाहीतर नाशिक समजलं जाई. आता जळगावच्या रिंग रोडला किंवा धुळ्याच्या देवपुरात चार घरं सोडून एक घर असं सापडतं, की जिथला मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत, जर्मनीत किंवा आयर्लंडमध्ये कॉम्प्युटर शिकते आहे. २०२४-२५ या वर्षी एकट्या अमेरिकेत ३ लाख ६३ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते, आणि त्यांतले पाचांपैकी दोघांहून जास्त गणित आणि कॉम्प्युटर या शाखांत होते. त्यात आपल्या खानदेशातली मुलंही आलीच.

या घरांत एक गोष्ट मात्र बहुधा सारखी असते. कोणता देश, कोणतं विद्यापीठ, कर्ज किती, हे सगळं मुलं, त्यांचे वडील आणि एखादा एजंट मिळून ठरवतात. आई तेव्हा आत चहा टाकत असते. सगळं ठरल्यावर तिला सांगण्यात येतं, ‘उद्या बँकेत यायचंय. आधार आणि पॅन कार्ड घे, दोन सह्या करायच्या आहेत.’

मैत्रिणींनो, त्या दोन सह्यांविषयीच आज तुमच्याशी बोलायचं आहे. मी बी.ए. झालेली, अर्धवेळ शिकवणारी बाई. कॉम्प्युटर मला शिकवता येणार नाही. पण घरखर्चाची वही तुमच्यासारखीच मीही वर्षानुवर्षं लिहिते आहे. या कामाला तेवढं शिक्षण पुरतं, बरं का!

सही कशावर होते?

शैक्षणिक कर्ज मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर असलं, तरी आई-वडिलांपैकी एकाला सहकर्जदार व्हावं लागतं. मुलानं हप्ता भरला नाही, तर बँक सहकर्जदाराकडे येते. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत. त्यावरच्या रकमेला घर, प्लॉट किंवा मुदत ठेव असं काही तारण द्यावं लागतं. मोजक्या नामवंत विद्यापीठांसाठी काही बँका तारणाशिवायही मोठी रक्कम देतात. पण प्रत्येकाला तसलं विद्यापीठ मिळतंच असं नाही.

आता आपल्याकडची गोष्ट बघा. शेतजमीन या कर्जाला बहुतेक बँका तारण म्हणून घेत नाहीत. रावेर-यावलकडे दहा एकर केळी असली, तरी उपयोग नाही! म्हणजे पाळी येते ती शहरातल्या राहत्या घरावर. आणि हे घर पुष्कळदा आपल्याच नावावर असतं. महाराष्ट्र सरकारनं २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली, म्हणून बऱ्याच घरांचे कागद गृहिणीच्या नावानं झाले. सवलत मिळाली, चांगलंच झालं. पण त्यामुळे गहाणखताच्या कागदावर तुमची सही सहकर्जदार म्हणून आणि मालकीण म्हणूनही असते.

धुळ्याच्या आमच्या ओळखीतल्या एका वहिनींच्या मुलाला एम.एस. पूर्ण झाल्यावर आठ महिने नोकरी लागली नाही. बँकेचं पत्र आलं, ते त्यांच्या नावानं. ‘माझ्या नावानं कसं?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. पुढं मुलाला काम लागलं, घर वाचलं. पण त्या आठ महिन्यांत त्यांनी पाटल्या मोडल्या आणि धाकटीचं शिकवणीवर्गाला नाव घालणं पुढं ढकललं. मुलाचं शिकणं चुकीचं होतं असं त्या आजही म्हणत नाहीत. आधी कुणी सांगितलं असतं, तर वर्षभर थोडं बाजूला टाकलं असतं, एवढंच म्हणतात.

वाट दाखवणारी माणसं

‘एवढं असेल, तर जायलाच नको,’ असं मात्र म्हणू नका. या वाटेनं गेलेली मोठी माणसं आपल्यातलीच आहेत. नेहा नारखेडे हे नाव ऐकलंय का? आडनाव आपल्या जळगाव जिल्ह्यात गावोगावी ऐकू येणारं. ती मात्र वाढली पुण्यात. तिथल्या पी.आय.सी.टी. कॉलेजातून तिनं इंजिनिअरिंग केलं, मग अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये कॉम्प्युटर सायन्सची मास्टर्स पदवी घेतली. पुढं लिंक्डइन कंपनीत असताना तिनं दोन सहकाऱ्यांबरोबर ‘काफ्का’ नावाची प्रणाली तयार केली. २०११ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली.

काफ्का म्हणजे काय, हे मला भुसावळ जंक्शनवरून समजलं. चारी दिशांनी गाड्या येतात, कुणाचं काही न हरवता ज्याचा माल त्याच्या फलाटावर जातो, आणि हे रात्रंदिवस चालू असतं. मोठमोठ्या कंपन्यांमध्ये क्षणाक्षणाला येणाऱ्या माहितीचं असं जंक्शन म्हणजे काफ्का. २०१४ मध्ये या तिघांनी कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली आणि २०२१ मध्ये ती अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरली.

दुसरं नाव आनंद देशपांडे यांचं. अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठात त्यांनी कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. केली, थोडे दिवस तिकडे नोकरी केली आणि १९९० मध्ये परत येऊन पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. परदेशी शिकून परत येणं म्हणजे हरून येणं, असं ज्यांना वाटतं, त्यांना हे नाव जरूर सांगा.

दोघांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्या. पाया इथं पक्का झाला, मगच ते बाहेर गेले. कच्च्या पायावर परदेशाचा मजला चढत नाही.

काळ मात्र बदलला आहे. २००७ च्या सुमारास डॉलर ४०-४५ रुपयांना होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्यानं ९० ओलांडले. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी हजारोंनी माणसं कमी केली. एकट्या गूगलनं जानेवारी २०२३ मध्ये १२,००० जणांची कपात जाहीर केली. शिवाय नवशिक्यांना जी साधी कामं मिळत, त्यांतली काही आता कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. म्हणून ‘पदवी मिळाली की नोकरी ठेवलेलीच’ हे गृहीत धरून सही करू नये.

वही उघडा

आता हिशेब मांडू या. समजा, कर्ज ३० लाखांचं आणि व्याज ११ टक्के. १५ लाख पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला उचलले, १५ लाख दुसऱ्या. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, त्यानंतर बँकेनं एक वर्षाची सवड दिली. या तीन वर्षांत हप्ता नसतो, म्हणून सगळे निर्धास्त असतात. व्याज मात्र चालूच असतं. पहिल्या १५ लाखांवर तीन वर्षांचं ४ लाख ९५ हजार, दुसऱ्या १५ लाखांवर दोन वर्षांचं ३ लाख ३० हजार; एकूण ८ लाख २५ हजार.

हे व्याज भरलं नाही, तर ते मुद्दलात मिळून कर्ज सव्वाअडतीस लाखांचं होतं. दहा वर्षांची फेड धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे ५२,७०० रुपये. तेच व्याज दरमहा भरत गेलात, तर कर्ज ३० लाखांवरच राहतं आणि हप्ता सुमारे ४१,३०० होतो. महिन्याला अकरा हजारांहून जास्त फरक! व्याजाची रक्कम पहिल्या वर्षी महिन्याला १३,७५० आणि पुढं २७,५०० येते. सगळी जमत नसेल, तर जमेल तेवढी भरा. थेंबे थेंबे तळं कर्जाचंही साचतं, आणि तसंच ते आटवताही येतं.

बँकेत आणखी तीन गोष्टी विचारा. मुलगी शिकणार असेल, तर काही बँका व्याज अर्धा टक्का कमी लावतात. ही सवलत आपण होऊन मागावी. जुन्या करपद्धतीत या कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत आयकरात वजावट मिळते. आणि शिकणाऱ्याच्या नावानं कर्जाएवढा मुदतीचा विमा घ्या. हे बोलायला जीभ रेटत नाही, मला ठाऊक आहे. पण घर गहाण टाकताना तो कागद हवाच. ‘पी.एम. विद्यालक्ष्मी’ ही २०२४ ची केंद्राची योजना मात्र देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे. परदेशासाठी ती धरून चालू नका.

देश कोणता?

अमेरिकेत विद्यापीठ आय-२० नावाचा कागद देतं. त्यावर एका वर्षाची फी, राहण्या-जेवणाचा खर्च आणि तो कोण करणार, हे छापलेलं असतं. मुलीकडून तो वाचून घ्या आणि खर्चाला वर्षांच्या संख्येनं गुणा. एजंटच्या तोंडी आकड्यापेक्षा तो आकडा खरा. विद्यापीठ चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि पहिल्या वर्षी तेही विद्यापीठाच्या आवारात. तेवढ्यात फी निघत नाही. बाहेर चोरून काम केलं, तर व्हिसाच धोक्यात येतो. पदवीनंतर १२ महिने आणि कॉम्प्युटरसारख्या विषयांना आणखी २४ महिने काम करण्याची मुभा आहे. पुढच्या एच-१बी व्हिसाची सोडत असते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या काही नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. म्हणून कर्जफेडीचा हिशेब त्या तीन वर्षांच्या कमाईवर आणि गरज पडल्यास इथल्या पगारावर बसवा. एच-१बी मिळाला तर दुधात साखर.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, सत्राचं किरकोळ शुल्क असतं. अपवाद आहेत : बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ पासून फी सुरू केली. खर्चासाठी मात्र वर्षाचे ११,९०४ युरो आधीच एका बंद खात्यात ठेवावे लागतात आणि महिन्याला ९९२ युरोच निघतात. कणगीतून महिन्याचं धान्य मोजून काढावं, तसं हे खातं! कागदपत्रांची ए.पी.एस. नावाची तपासणीही करून घ्यावी लागते. शिक्षण इंग्रजीत मिळालं, तरी नोकरीला जर्मन लागते. ती इथूनच शिकायला घ्यावी.

इंग्लंडमध्ये मास्टर्स एका वर्षाचं असतं, म्हणून खर्चाचं एक वर्ष वाचतं. पण नोकरी शोधायची सवड दोन वर्षांवरून दीड वर्षावर येते आहे, जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना. कॅनडानं २०२४ पासून विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली आहे.

आणखी एक. आपल्या बऱ्याच मुली बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. अशी तीन वर्षांची पदवी घेतात. अमेरिकेतली पुष्कळ विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. तेव्हा इथं चौथं वर्ष किंवा एम.एस्सी. करावं की तीन वर्षांची पदवी चालणारं विद्यापीठ शोधावं, हे अर्ज भरण्याआधी ठरवा.

एजंट आणि शिष्यवृत्ती

सगळेच एजंट वाईट नसतात. पण विद्यापीठांकडून दलाली घेणारा माणूस दलाली देणारंच विद्यापीठ सुचवणार, हे उघड आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातलं ट्राय-व्हॅली विद्यापीठ व्हिसाच्या फसवणुकीपायी बंद पडलं, आणि तिथले शेकडो भारतीय विद्यार्थी अडचणीत आले. २०२३ मध्ये कॅनडात एजंटांनी दिलेली प्रवेशपत्रंच खोटी निघाली आणि मुलांवर परत पाठवले जाण्याची वेळ आली. त्या त्या देशाचं सरकार मान्य संस्थांची यादी देतं. तिथं नाव आहे का, हे मुलीला तुमच्यासमोर बघायला सांगा, आणि प्रवेशपत्र खरं आहे का, हे थेट विद्यापीठाला विचारा. मूळ प्रमाणपत्रं एजंटच्या कपाटात ठेवू नका.

शिष्यवृत्त्या आहेत, पण त्यांच्या तारखा कुणासाठी थांबत नाहीत. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा-कुणबी समाजासाठी ‘सारथी’ची शिष्यवृत्ती महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावानं आहे. हे सयाजीराव आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला जे. एन. टाटा निधी आजही कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी बाईवर कुणी विश्वास ठेवला. आपण आपल्या मुलीवर आज ठेवायला हरकत नाही.

मुलीच्या बाबतीत दुसरा तराजू?

मुलासाठी घर गहाण टाकणारी माणसं मुलीच्या वेळी म्हणतात, ‘त्यापेक्षा अमेरिकेतलंच स्थळ बघू. जायचं ते जाईलच.’ इथं थांबा. विद्यार्थिनी म्हणून जाणं आणि बायको म्हणून जाणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विद्यार्थ्याची बायको ज्या व्हिसावर जाते, त्यावर तिला नोकरी करता येत नाही. एच-१बी असलेल्याची बायको एच-४ व्हिसावर जाते. २०१५ पासून त्यांतल्या काहींना कामाची परवानगी मिळते, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठराविक टप्प्यावर पोचली, तरच. म्हणजे कॉम्प्युटरची पदवी ट्रंकेत आणि मुलगी कित्येक वर्षं घरात, असं होऊ शकतं. लग्न जरूर करा. पण शिक्षणाच्या ऐवजी म्हणून करू नका.

आपल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. आसोद्याच्या या बाईला अक्षरओळख नव्हती. तिच्या नावाची पदवी घेऊन मुलगी परदेशी निघाली, तर तिचं पारडं मुलापेक्षा हलकं कशाला धरायचं? मात्र कर्जाचा हिशेब दोघांचाही सारखाच कडक हवा.

मधली एक वाट

माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. बी.सी.ए., मग इथंच एम.एस्सी. घरी साडेसात लाखांच्या वर कर्ज झेपणारं नव्हतं. ती पुण्याला नोकरीला लागली. दोन वर्षं पैसे साठवले, संध्याकाळी जर्मन शिकली आणि मग जर्मनीत प्रवेश घेतला. बंद खात्यातले अर्धे पैसे तिचे स्वतःचे होते. राहतं घर गहाण पडलं नाही. तिची आई म्हणते, ‘दोन वर्षं उशीर झाला म्हणून नातेवाईक बोलले. हप्ता भरायला त्यांच्यातलं कुणी येणार होतं का?’

नोकरीनं आणखी एक होतं. हा विषय आपल्याला खरंच आवडतो का, की मैत्रिणी निघाल्या म्हणून आपणही निघालो, हे मुलीला कळतं.

कुकर आणि फोन

जाण्याआधी निदान तीन महिने स्वयंपाक मुलीकडे द्या, आणि मुलगा जाणार असेल तर त्याच्याकडेही! वरण-भात, पोळी, एक रस्सा आणि खिचडी एवढं आलं, की बाहेरच्या खाण्याचा खर्च निम्म्यावर येतो. काळा मसाला घट्ट बांधून द्या, कळण्याचं पीठ थोडंसंच. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह द्या. थंडीचा जाड कोट तिकडेच घेऊ द्या. इथून नेलेला तिथल्या बर्फाला पुरत नाही.

फोनची वेळ ठरवून घ्या. अमेरिकेच्या पूर्व भागात आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे वेळ असते. आपली सकाळ ती त्यांची रात्र. ‘जेवलीस का?’ याबरोबर ‘झोप लागते का? बोलायला कुणी आहे का?’ हेही विचारा. कर्जाच्या ओझ्यानं मुलं नापास झाल्याचं, एकटं वाटल्याचं घरी सांगत नाहीत. निघतानाच स्पष्ट सांगून ठेवा : ‘नाही जमलं, तर परत ये. कर्जाचं आपण मिळून बघू.’ हे वाक्य खरं ठरावं, एवढंच कर्ज काढायचं.

सही करण्याआधी हे विचारा

१. एकूण खर्च किती, आणि तो विद्यापीठाच्या कागदावर कुठं लिहिला आहे?
२. गहाण काय पडणार? घर माझ्या नावावर आहे का?
३. व्याजदर स्थिर की बदलता? शिकत असतानाचं व्याज कोण भरणार?
४. सहा महिने नोकरी नाही लागली, तर हप्ता कुठून येईल?
५. परत येऊन पुण्यात नोकरी केली, तर हप्ता झेपेल का?
६. विद्यापीठ सरकारी यादीत आहे का? कुणी स्वतः तपासलं?
७. धाकट्या भावंडाच्या शिक्षणाला काय उरतं?
८. विमा घेतला का?

या आठांची उत्तरं वहीत लिहून घ्या. तोंडी उत्तर दिलं, तर ‘लिही’ म्हणा. सगळी जागच्या जागी असतील, तर आनंदानं सही करा आणि खापरावरचे मांडे करून मुलीला निरोप द्या. एखादं रिकामं राहिलं, तर ‘चार दिवस थांबा’ असं बँकेतही म्हणता येतं. कागदाची एक प्रत मात्र आपल्या कपाटात, आपल्या हातानं ठेवा.